सात नंबर महाराष्ट्रात गेला

माझ्याकडे फुटबॉलच्या एकतीस जर्सी आहेत आणि मी आयुष्यात एकदाही फुटबॉल खेळलेली नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण कपाट उघडं दिसलं की घरी आलेला माणूस पहिल्यांदा तेच विचारतो. दुसरा प्रश्न असतो, "मुलाच्या काय?" मला मुलगा नाही. तिसरा प्रश्न यायच्या आत मी चहा टाकायला उठते.

मी बेळगावात एका सरकारी कचेरीत नोकरी करते. दिवसभर कन्नडमधून फायली पुढे सरकवते, संध्याकाळी घरी येऊन मराठीतून नवऱ्याशी भांडते. भांडणाचा विषय बहुतेक वेळा कपाटच असतं. नवऱ्याचं म्हणणं असं, की इतरांच्या बायका साड्या जमवतात, त्या निदान नेसता तरी येतात. मी म्हणते, साडी कुणी घामाघूम होऊन जिंकलेली असते का? यावर तो कपाटाचं दार लावून घेतो. मुद्दा माझाही फारसा पक्का नसतो, म्हणून मी आवाज चढवते.

या एकतीस जर्सींमध्ये बत्तिसावी मोजलेली नाही. ती कपाटात नव्हती, ट्रंकेत होती, लग्नाच्या शालूखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून. ती कुणाला दाखवायची सोय नव्हती. त्या एका जर्सीपायी निपाणीत माझ्या वडिलांच्या नावाला बट्टा लागला होता, आणि ती कुठं आहे हे तीस-बत्तीस वर्षं एकट्या मला माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात तिथल्या फुटबॉल मंडळाचा फोन आला तोवर.

आता पहिल्यापासून सांगते.

निपाणीत आमची लाँड्री होती. लाँड्री म्हटलं की काचेचं दार आणि आत गरगर फिरणारी यंत्रं डोळ्यांपुढे येत असतील तर ती काढून टाका. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये इस्त्रीचं टेबल, मागे परसात विहीर, धुण्याचा दगड आणि आडव्या बांधलेल्या सहा दोऱ्या, एवढाच कारभार. आई धुवायची, आप्पा, म्हणजे माझे वडील, इस्त्री करायचे, आणि मी शाळेतून आले की दोऱ्यांवर लक्ष ठेवायची. लक्ष ठेवायचं म्हणजे कावळे, शेजारची शेळी आणि वारा या तिघांपासून कपडे सांभाळायचे.

आप्पांना एकाच गोष्टीचा गर्व होता. त्यांच्या हातून कधी कुणाचं कापड हरवलं नव्हतं. प्रत्येक घराची एक खूण असायची. बिब्ब्यात सुई बुडवून कॉलरच्या आतल्या बाजूला ते ती उमटवायचे. बिब्ब्याचा डाग कशानंच जात नाही, शर्ट फाटेल पण खूण राहील. मास्तरांच्या घराला तीन ठिपके, डॉक्टरांना फुली, तंबाखूच्या पेढीवाल्यांना आडवी रेघ. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या फुटबॉल संघाला त्यांनी एक गोल आणि गोलात ठिपका दिला होता. "ह्यो चेंडू, न् ह्यो त्येच्या आतला वारा," असं ते म्हणायचे. आप्पांनी आयुष्यात केलेला तो बहुधा एकुलता एक विनोद. पुढे तोच वारा त्यांच्यावर उलटला.

आमच्याकडे, म्हणजे निपाणी, कोल्हापूर, गडहिंग्लज या पट्ट्यात, फुटबॉल हा खेळ नसून गल्लीच्या इभ्रतीचा मामला आहे. रविवारी सामना झाला की संध्याकाळी संघाचा सगळा संच एका चादरीत गाठोडं बांधून आमच्याकडे यायचा. अकरा शर्ट. बदली खेळाडूंना वेगळे शर्ट घ्यायची ऐपत नव्हती. जो बाहेर यायचा तो रेषेवरच शर्ट काढून आत जाणाऱ्याच्या अंगात घालायचा. त्यामुळे काही शर्टांना दोन-दोन माणसांचा घाम असायचा, आणि आई गाठोडं सोडायच्या आधी पदर नाकाला लावायची.

मला मैदानावर जायची परवानगी नव्हती. पोरींनी तिथं काय बघायचं, असा सगळ्या गल्लीचा एकमुखी प्रश्न होता. पण मैदानावरचा कर्णा आमच्या परसात स्पष्ट ऐकू यायचा. समालोचन करणारा गडी मराठीत सुरू करून रंगात आला की कन्नडमध्ये घुसायचा, आणि गोल झाला की दोन्ही भाषा सोडून नुसता ओरडायचा. मी दोरीखाली बसून ऐकायची. दुसऱ्या दिवशी शर्ट धुताना मी तो सामना पुन्हा बघायची. हो, बघायचीच. कुणाच्या खांद्याला चुना लागलाय म्हणजे तो रेषेबाहेर पडला, कुणाच्या पाठीवर बुटाचा ठसा आहे म्हणजे भांडण झालं, हे मला आईपेक्षा आधी कळायचं.

पाच नंबरचा मला भयंकर राग होता. तो बचावाला उभा राहायचा आणि आठवड्याचे सहा दिवस तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा. त्याच्या शर्टाला घाम, लाल माती आणि तंबाखू असे तिन्ही वास एकदम यायचे. कोपरं फाटलेली, छातीवर घसरल्याचे पट्टे. त्या एका शर्टाला तीन पाणी लागायची आणि कॉलर घासायचं काम माझ्याकडे असायचं. घासताना मी त्याला ज्या शिव्या घातल्या आहेत त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

आणि सात नंबर! सात नंबरचा शर्ट गाठोड्यातून यायचा तो जवळजवळ जसा गेला होता तसाच. काखेत जरासा ओलसर, बाकी स्वच्छ. कर्ण्यावरून तर सारखं त्याचंच नाव ऐकू यायचं, तो म्हणे वाऱ्यासारखा पळतो, त्याचे केस म्हणे कपाळावर असे येतात. एवढं सगळं करून शर्ट मळवत नाही म्हणजे माणूस किती मोठा असला पाहिजे! चौथीतल्या मला हिशेब एकदम पटला. ज्याचा शर्ट एका पाण्यात निघतो तो हीरो. समोरच्या घरी टीव्हीवर एकदा अर्जेंटिनाचा बुटका खेळाडू दाखवत होते, सगळी गल्ली वेडी झाली होती. मला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याचा शर्ट कोण धुतं हेच मला माहीत नव्हतं. अशा माणसावर जीव कसा लावायचा?

सात नंबर मुळात पळतच नसेल, हा विचार मला पुढची वीस वर्षं शिवला नाही.

त्या वर्षी आमचा संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर कोल्हापूरच्या एका पेठेचा संघ होता. उपांत्य सामन्याआधीच मंडळाने मोठ्या हौसेने बेळगावहून नवा संच आणला, निळा, नायलॉनचा, पाठीवर पिवळ्या रंगात इंग्रजी आकडे छापलेले. त्याआधीचे शर्ट सुती होते. आप्पांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "ह्येला इस्त्री लावायची न्हाय. दाखवायचीबी न्हाय. सावलीत वाळवायचं, घडी घालायची न् चादरींच्या थप्पीखाली दाबून ठेवायचं." मी मान डोलावली. उपांत्य सामना झाला, शर्ट आले, धुतले, वाळले.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आप्पा सायकलवरून कपडे पोचवायला गेले होते आणि आई विहिरीवर होती. मी शेडमध्ये एकटी. अकरा शर्ट घड्या घालून थप्पीखाली. मी सात नंबरचा ओढून काढला. थप्पीखाली दाबून घडी ती कसली पडणार? उद्या सगळं गाव बघणार, कोल्हापूरवाले बघणार, आणि माझ्या हीरोच्या बाहीला नीट कडक घडी नाही? मला ते सहन झालं नाही. मी सांगते ना, त्या क्षणी माझ्या मनात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं.

कोळशाची इस्त्री टेबलावर तापून बसली होती. ती मला दोन्ही हातांनी उचलावी लागायची. शर्ट पालथा घातला, बाह्यांच्या आधी पाठीवर इस्त्री टेकवली.

चर्र झालं नाही, धूरही फारसा आला नाही. नुसता घाण वास आला आणि इस्त्री पुढे सरकेना. मी ती ओढून उचलली तर तिच्याबरोबर शर्टही वर आला. सोडवला तेव्हा सातचं डोकं इस्त्रीला चिकटून राहिलं होतं आणि शर्टावर नुसता त्याचा तिरका पाय उरला होता. वरच्या जागी इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचं भोक, कडा कडक होऊन वळलेल्या. मी आधी ओल्या गोणपाटावर इस्त्री घासघासून साफ केली. परटाची पोर ना, पहिली काळजी इस्त्रीची. मग शर्ट कोळशाच्या रिकाम्या पोत्यात कोंबला.

आप्पा आले. संध्याकाळी गाठोडं बांधताना त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो, धा... धा... आणि पुढे काहीच नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोऱ्यांवर लक्ष ठेवणारी मी होते.

"वाऱ्यानं उडाला," मी म्हणाले.

त्यांनी विचारलं नाही, की वाळलेला, घडी घातलेला शर्ट वाऱ्यानं कसा उडाला. आपली पोर खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. एखादा शर्ट घडी घालायचा राहिला असेल, दोरीवरच राहिला असेल, असं त्यांनी स्वतःच स्वतःला समजावलं आणि सायकल काढून वाऱ्याच्या दिशेने गेले. शेतं बघितली, गटारं बघितली, हायवेपर्यंत गेले. परत आले ते हात हलवत. मग दहा शर्ट घेऊन मंडळात गेले आणि मान खाली घालून म्हणाले, की एक कापड वाऱ्यानं नेलं.

मंडळातला कुणीतरी म्हणाला, "वारं कुठल्या अंगाला होतं?"

"उत्तरंला," आप्पा म्हणाले.

"मग काय, गेला की कोगनोळीचा नाका वलांडून महाराष्ट्रात!"

झालं. आमच्या भागात महाराष्ट्रात जायचं म्हणून आज्ज्यापणज्यांपासून मोर्चे निघाले, घोषणा झाल्या, लोक तुरुंगात जाऊन आले. आणि एक नायलॉनचा शर्ट एका दुपारीत ना अर्ज ना सही, सुखरूप हद्दीपलीकडे पोचला. एवढा विनोद निपाणीला पुष्कळ वर्षं पुरला. आप्पा रस्त्यानं निघाले की कुणीतरी ओरडायचंच, "काय आप्पा, आला का सात नंबर परत?" मीही हसायची. न हसणं संशयाचं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सात नंबर जुना पांढरा सुती शर्ट घालून खेळला, पाठीवर कागदाचा सात टाचण्यांनी लावून. मी दोरीखाली बसून ऐकत होते. शेवटी पेनल्टीवर आलं आणि ती घ्यायला तोच पुढे झाला. कर्णा गप्प झाला. मग समालोचक हळूच म्हणाला, चेंडू वखारीच्या कौलांवर गेला. सात नंबरने तिथेच जाहीर केलं, की टाचणी टोचली म्हणून नेम चुकला, आपला शर्ट असता तर चेंडू जाळ्यात होता. गावाला ते पटलं. म्हणजे आप्पांनी नुसता शर्ट हरवला नव्हता, आता कपही हरवला होता. पुढच्या हंगामापासून संघाचं गाठोडं आमच्याकडे यायचं बंद झालं.

आप्पा बाजारातून लाकडी चिमट्यांची अख्खी पेटी घेऊन आले. एका कापडाला दोन चिमटे पुरतात, हे जगाला माहीत आहे. आप्पा त्या दिवसापासून चार लावायला लागले. हातरुमालालासुद्धा चार. दुपारी वारा सुटला की इस्त्री सोडून परसात येऊन दोऱ्यांकडे बघत उभे राहायचे. लोक त्यांना चारचिमटे म्हणायला लागले. मी प्रत्येक वेळी ते चार चिमटे बघायची आणि स्वतःला पुढची तारीख द्यायची. उद्या सांगू, दहावी झाली की सांगू, नोकरी लागली की सांगू. एवढ्या साध्या गोष्टीला मी इतकी वर्षं लावली याची मला आजही लाज वाटते.

कोळशाच्या पोत्यातला शर्ट मी आधी दप्तरात, मग ट्रंकेत आणि कॉलेजसाठी बेळगावला गेले तेव्हा बरोबर नेला. तिथं बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगात मला ब्राझीलची पिवळी जर्सी दिसली. मी ती उचलली आणि सवयीने आधी कॉलर उलटून बघितली. आत घामाची काळी रेघ होती, उजव्या बाहीला शिवण उसवून पुन्हा घातलेली. कुणीतरी ती मनापासून वापरली होती. ढिगामागच्या बाईनं कन्नडमध्ये विचारलं, "इदु यारिगे?" हे कुणाला? मी म्हणाले, "ननगे." मला. बाई हसली आणि मी पहिली जर्सी घेऊन खोलीवर आले. रात्रभर उशाशी ठेवली, धुतली मात्र नाही.

तेव्हापासून हा नाद लागला. कोऱ्या जर्सीत मला रस नाही. दुकानात हँगरवर टांगलेली, पाठीवर जगप्रसिद्ध नाव छापलेली जर्सी मला त्या सात नंबरसारखीच वाटते, दिसायला छान, पण त्यात माणूस कुठं आहे? मला मळलेली पाहिजे, उसवलेली पाहिजे. एकदा ऑफिसची सहल कणकुंबीला गेली होती. बाकीचे झरे आणि झाडी बघत होते. मी शाळेच्या मैदानावर चिखलात खेळणाऱ्या पोरांच्या गोलकीपरशी सौदा करत होते. त्याच्या लालेलाल झालेल्या जर्सीच्या बदल्यात मी त्याला बेळगावहून कोरी पाठवली. त्याला वाटलं बाई येडी आहे. ऑफिसला तर आधीपासूनच वाटत होतं. बसमध्ये ती जर्सी मी पिशवीत घेऊन बसले तर माझ्या शेजारची जागा खानापूरपर्यंत रिकामी राहिली.

नवरा एकदा म्हणाला, तू जर्सी जमवतेस का धुणं? मी त्याच्यावर चिडले, पण त्याला बरोबर सापडलं होतं. मी गाठोडं जमवत होते. आमच्या शेडमधून गेलेलं गाठोडं एक-एक शर्टाने परत भरत होते. एकतीस झाले तरी दहाच्या पुढचा तो अकरावा काही त्यात येत नव्हता, कारण तो ट्रंकेत होता.

मग मंडळाचा फोन आला. नवीन अध्यक्ष बोलत होते. मंडळाला अमुक इतकी वर्षं पूर्ण होतात, जुन्या खेळाडूंचा सत्कार आहे, काचेच्या कपाटात जुना निळा संच लावायचा आहे. तुम्ही जर्सी जमवता असं ऐकलं, बेळगावात तसा निळा सात नंबर कुठं मिळतोय का बघा. "दहा हाईत वो आमच्याकडं," ते हसत म्हणाले, "अकरावा तुमच्या वडलांनी महाराष्ट्राला दिला न्हवं का!"

मी फोन ठेवला. कपाटासमोर जाऊन बसले. आप्पा आता ऐंशीला टेकलेत, लाँड्री कधीच बंद झाली, आई जाऊनही बरीच वर्षं झाली. आणि तरी चाळीस वर्षं इमानानं कपडे सांभाळलेल्या माणसाची ओळख काय, तर एक शर्ट हरवणारा. हे मी केलं होतं. सत्काराच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ट्रंक उघडली, वर्तमानपत्राची गुंडाळी पिशवीत घातली आणि निपाणीची बस धरली.

आप्पा परसात खुर्ची टाकून बसले होते. मी काही न बोलता शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. आधी कॉलर उलटली. गोल, गोलात ठिपका. मग शर्ट फिरवला आणि भोक बघितलं. बोट भोकाच्या कडेवरून फिरवलं. मला वाटलं आता हात उगारतील, किंवा रडतील.

"इस्त्री लई तापलीती," ते म्हणाले. "पाणी शिपडून बघितली न्हाईस व्हय?"

"न्हाय."

"आणि मधी फडकं?"

"न्हाय आप्पा."

"नायलॉनला फडक्याबिगर इस्त्री?" त्यांचा आवाज चढला. "एवढी वर्सं माझ्या टेबलाम्होरं हुबी राहून हेच शिकलीस?"

चाळिशी ओलांडलेली मी, कचेरीत चार माणसं माझ्या हाताखाली, आणि मी तिथं चौथीतल्या पोरीसारखी मान खाली घालून उभी. कबूल करते, मला हसूही येत होतं. मग आप्पांनी वर दोरीकडे बघितलं. दोरीवर त्यांचा एक सदरा, एक धोतर वाळत होतं, चार-चार चिमटे लावून.

"म्हंजे वाऱ्यानं न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय."

"मी उगं वाऱ्यावर डूख धरला."

माझं हसू तिथंच संपलं. मी त्यांचे पाय धरले, म्हटलं उद्या सगळ्यांसमोर सांगते. त्यांनी पाय मागे घेतले. "सांगायचं त्ये मी सांगतो," एवढंच बोलले आणि आत गेले. थोड्या वेळानं बघितलं तर जुनी इस्त्री बाहेर काढली होती. शर्टावर ओलं फडकं अंथरून, भोकाला धक्का न लावता, ते बाह्यांना घडी पाडत होते. माझ्या हीरोच्या बाहीला तीस-बत्तीस वर्षांनी कडक घडी पडली.

रविवारी मैदानावर मांडव होता. काचेचं कपाट मधोमध, दहा निळे शर्ट आणि एक रिकामा हँगर. मी पहिल्यांदाच मैदानात पाय ठेवला, हेही सांगायला पाहिजे. सात नंबर खुर्चीत बसला होता. त्याची आता पिठाची गिरणी आहे, पोट पुढे, भुवयांवर पीठ. आता त्याचे कपडे रोज मळतात. पाच नंबर शेवटच्या रांगेत काठी घेऊन. गुडघे गेलेत त्याचे.

अध्यक्षांनी आप्पांना बघून माईकवरच हाळी दिली, "आप्पा, आला का सात नंबर परत?" मांडव हसला. आप्पा उठले, पिशवीतून शर्ट काढला आणि पुढे गेले. हसणं एकदम थांबलं.

"हा सात नंबर," आप्पा म्हणाले. "महाराष्ट्रात गेलताच न्हाय. वाऱ्यानंबी न्हेला न्हवता. माझ्या हातनं इस्त्रीखाली जळला. लाजंनं मी खोटं बोललो. माफी करा."

मला क्षणभर काही कळेना. परटाच्या हातून कापड उडालं तर तो वाऱ्याचा गुन्हा. परटाच्या हातून कापड जळलं तर त्याला कुणी आपला रुमालसुद्धा देत नाही. आणि आप्पा सगळ्या गावासमोर ते स्वतःच्या नावावर लावून घेत होते. मी खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले आणि त्यांच्या हातातला माईक अक्षरशः हिसकावून घेतला.

"आप्पा खोटं सांगायल्यात," मी म्हणाले. "त्यांच्या हातनं आजवर एक कापड जळलं न्हाय, एक हरवलं न्हाय. मी जाळला. चौथीत होते. त्यांनी इस्त्री लावू नको म्हणून सांगितलंतं तरी मी लावली, आणि वाऱ्याचं नाव मी सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक."

माझा आवाज कर्ण्यातून सगळ्या निपाणीभर जात होता.

पुढच्या रांगेतल्यांनी माना वळवून आप्पांकडे बघितलं. मग मागून पाच नंबर हसायला लागला, काठी आपटत. "अगं, म्हंजे एवढी वर्सं आमी वाऱ्याला उगंच शिव्या घातल्या व्हय!"

"तुम्हालाबी मी लई शिव्या घातल्यात," मी माईकवरच म्हणाले. "तुमच्या कॉलरंपायी."

आता मांडव मोकळेपणानं हसला. सात नंबर मात्र खुर्चीत पुढे सरकून बसला होता, चेहरा पडलेला. "आणि माझी पेनल्टी?" तो म्हणाला. "शर्ट जळला काय, उडाला काय, माझ्या अंगावर न्हवता त्यो न्हवताच की!"

"शर्टाचा काय संबंध न्हाय," मी म्हणाले. "तुमचे सगळे शर्ट मी धुतल्यात. एकालाबी कधी माती न्हवती. पेनल्टी तुम्हीच घालवलीसा."

पाच नंबर इतका हसला की शेजारच्यांनी त्याला धरलं. थोड्या वेळानं सात नंबरही हसला, काय करणार. भोक पडलेला शर्ट मंडळाने त्याच्याच हातून हँगरवर लावून घेतला. आप्पांना नारळ, शाल आणि फेटा मिळाला. फेटा बांधून घेताना त्यांनी शालीची घडी उलगडून कडेची शिवण तपासली, ते मी बघितलं.

घरी येताना रिक्षात ते शालीची घडी पुन्हा नीट घालत होते. त्यांनी मला माफ केलं का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बेळगावची बस धरायची होती. निघताना पिशवी घेऊन परसात गेले. आप्पांनी कालचा सदरा धुवून दोरीवर घातला होता. वारा चांगलाच सुटला होता, उत्तरेकडे जाणारा. सदरा फडफडत होता आणि त्याला दोनच चिमटे होते.